तो सूर कोणी काढला? इमारतीच्या दारावर टेलिफोन प्रवेशयंत्रणा बसवताना

आमच्या इमारतीच्या मुख्य दारावर नुकतीच टेलिफोनवर चालणारी प्रवेशयंत्रणा बसवली. २४ सदनिकांसाठी तिची जोडणी आणि प्रोग्रॅमिंग करण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले होते, आणि दोन दिवसांत उरकेल असे वाटलेल्या त्या कामाला जवळजवळ तीन आठवडे लागले. पॅनेल भिंतीला लावणे, तारा ओढणे आणि कुलूप बसवणे यांत खरोखरच दोन दिवस गेले. बाकीचा सगळा वेळ पॅनेलच्या मांडणीत एकेक आकडा बदलून पाहण्यात आणि दाराशी उभे राहून चाचणी घेण्यात गेला. हे सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले, कारण यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत कोणत्या पायरीवर कोणता आकडा भरायचा ते लिहिलेले असते, पण तो का भरायचा हे बहुधा लिहिलेले नसते.

जुन्या इंटरकॉममध्ये प्रत्येक घरापर्यंत स्वतंत्र तार असते आणि ती भिंतीत कुठे तुटली तर शोधणे कठीण जाते. टेलिफोन प्रवेशयंत्रणेत घरात काहीच बसवावे लागत नाही. आलेला माणूस दाराजवळच्या पॅनेलवर संकेतांक दाबतो, पॅनेल आपल्या स्मृतीतला त्या घराचा फोन क्रमांक लावते, घरातली व्यक्ती नेहमीच्या फोनवर त्याच्याशी बोलते आणि त्याला आत घ्यायचे असेल तर ९ दाबते. हा ९ पॅनेलपर्यंत पोहोचतो तो आवाजाच्या रूपात. अमेरिकेतील बेल कंपनीने १९६३ मध्ये बटणांचे फोन ग्राहकांना देण्यास सुरुवात केली, तेव्हापासून प्रत्येक बटणासाठी दोन सूर एकाच वेळी वाजवण्याची पद्धत रूढ झाली; ९ साठी ते ८५२ आणि १४७७ हर्ट्झचे असतात. या पद्धतीतील वारंवारता अशा निवडल्या आहेत की कोणतीही एक दुसरीच्या पटीत येत नाही, त्यामुळे माणसाच्या बोलण्यातून तसा जोडसूर योगायोगाने तयार होणे अवघड असते. पॅनेलमधील परिपथाला ते दोन सूर एकत्र ऐकू आले की रिले, म्हणजे विजेवर चालणारी कळ, चालू होतो आणि दार उघडते. मात्र तो सूर कोणी काढला हे त्या परिपथाला कळत नाही, आणि मला आलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ याच गोष्टीत होते.

आधी कुलपाविषयी लिहिते, कारण तेथे चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. चुंबकी कुलूप वीज असेपर्यंत दार धरून ठेवते आणि वीज गेली की सोडते. नेहमी मिळणाऱ्या कुलपांची पकड २७० किंवा ५४० किलोग्रॅमच्या आसपास असते. त्यामुळे ते बसवले तर आतून बाहेर पडण्यासाठी बटण लागते, आणि आगीचा इशारा मिळताच त्याचा वीजपुरवठा थेट तोडणारी जोडणीही करावी लागते. ही तोड पॅनेलच्या प्रोग्रॅमवर सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण अडकलेला प्रोग्रॅम आग लागल्यावर सुटेलच असे नाही. आम्ही दाराच्या चौकटीत बसणारा इलेक्ट्रिक स्ट्राइक घेतला. वीज मिळाली की तो कुलपाची जीभ मोकळी करतो आणि वीज नसताना बाहेरून दार बंदच राहते. आतली मूठ मात्र पूर्णपणे यांत्रिक आहे. वीज असो वा नसो, पॅनेल चालू असो वा बिघडलेले, मूठ फिरवली की माणूस बाहेर पडतो, आणि मला ही खात्री इतर कोणत्याही सोयीपेक्षा अधिक मोलाची वाटली.

स्ट्राइक १२ व्होल्ट डीसीचा आहे आणि अर्धा अँपिअर प्रवाह घेतो. वीजपुरवठ्याचा डबा दारापासून ३० मीटर दूर असल्यामुळे जाऊन येऊन ६० मीटर तार होते. आधीच ओढलेल्या टेलिफोनच्या अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तारेतूनच हा प्रवाह न्यावा, अशी सूचना आली होती. ती तार एवढ्या लांबीला पाच ओहमहून थोडा अधिक रोध देते, म्हणजे अर्ध्या अँपिअरला अडीच व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच खर्च होतात आणि स्ट्राइकला साडेनऊ व्होल्टही मिळत नाहीत. अशा वेळी कुलूप कधी सुटते, कधी नुसते थरथरते, आणि दोष मात्र पॅनेलला दिला जातो. आम्ही कुलपासाठी एक चौरस मिलिमीटरची वेगळी तार ओढली आणि तूट अर्ध्या-पाऊण व्होल्टवर आणली.

याच जोडणीत माझी एक चूक झाली. स्ट्राइकच्या वेटोळ्याला समांतर डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, लावायचा मी पुढच्या दिवसावर ठेवला होता. रिले सुटताना वेटोळ्यातील प्रवाह एकदम तुटतो आणि त्याच्या टोकांना क्षणभर पुष्कळ मोठा उलटा विद्युतदाब तयार होतो. दर वेळी दार उघडून कुलूप पूर्ववत झाले की पॅनेल बंद होऊन नव्याने सुरू होई, आणि मी दोन तास वीजपुरवठा तपासत बसले. १एन४००७ हा साधा डायोड, पट्ट्याची बाजू धन तारेकडे ठेवून, थेट स्ट्राइकच्या टोकांवर लावताच तो त्रास थांबला. डायोड पॅनेलजवळ न लावता कुलपाजवळच लावावा, म्हणजे तो झटका लांब तारेवर येतच नाही.

आमच्या इमारतीत तांब्याची टेलिफोन लाइन उरलेली नाही, आणि पॅनेलला मात्र साधी अ‍ॅनालॉग लाइनच समजते. म्हणून इंटरनेटवरून फोन करणारा अडॅप्टर मध्ये बसवला. फोन ठेवलेला असताना लाइनवर सुमारे ४८ व्होल्ट असतात आणि उचलला की ते बरेच खाली येतात. अडॅप्टरही तसाच विद्युतदाब देतो, त्यामुळे पॅनेलला फरक जाणवत नाही. पण सुरांच्या बाबतीत फरक पडतो. आवाज जी.७२९ सारख्या पद्धतीने आकुंचित करून, म्हणजे कमी माहितीत बसवून पाठवला, तर बोलणे समजते पण जोडसूर विकृत होतात, कारण ती पद्धत माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली आहे. पहिल्या दिवशी २० वेळा ९ दाबून पाहिले, तेव्हा दार १३ वेळाच उघडले. मग अडॅप्टरमध्ये जी.७११ ही आवाज फारसा आकुंचित न करणारी पद्धत निवडली आणि बटणांचे सूर आवाजात न मिसळता आरएफसी ४७३३ या इंटरनेटच्या प्रमाणाप्रमाणे स्वतंत्र संदेश म्हणून घेण्याचा पर्याय लावला. या पद्धतीत दाबलेला आकडा संदेशरूपाने येतो आणि अडॅप्टर पॅनेलच्या लाइनवर नवा, स्वच्छ सूर वाजवतो. मोबाइलवरही असेच काहीसे घडते. संभाषण चालू असताना बटण दाबले की मोबाइल स्वतः सूर पाठवत नाही, तो नेटवर्कला संदेश पाठवतो आणि सूर पुढे कोठेतरी तयार होतो. या बदलानंतर वीसपैकी वीस वेळा दार उघडले.

प्रोग्रॅमिंगला बसल्यावर सर्वांत आधी मास्टर कोड, म्हणजे पॅनेलची मांडणी बदलू देणारा मुख्य आकडा, बदलला. कारखान्यातून आलेला कोड पुस्तिकेत छापलेला असतो आणि ती पुस्तिका कोणालाही वाचता येते, म्हणून घरांचे क्रमांक भरण्याआधीच हे काम उरकावे. त्यानंतर बाहेरून येणारे फोन पॅनेलने आपोआप उचलण्याची सोय मी बंद केली. ही सोय दुरून प्रोग्रॅमिंग करण्यासाठी असते, पण तिच्यामुळे जाहिरातींचे फोनही पॅनेल उचलते आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ते मोठ्या आवाजात ऐकवते. २४ घरांची यादी दाराशी उभे राहून बदलणे मला मुळीच जड वाटत नाही.

घरांचे क्रमांक भरताना एक चमत्कारिक विलंब दिसला. संकेतांक दाबल्यापासून समोरचा फोन वाजेपर्यंत ११ सेकंद लागत, आणि तोवर पॅनेल गप्प असल्यामुळे लोक पुन्हा बटणे दाबत. क्रमांक पूर्ण झाला आहे की अजून आकडे यायचे आहेत, हे अडॅप्टरला ठाऊक नसते, म्हणून शेवटच्या आकड्यानंतर तो काही सेकंद थांबतो. शेवटी # जोडले तर तो लगेच फोन लावतो, पण आमच्या पॅनेलमध्ये # चा अर्थच नोंद पूर्ण झाली असा असल्याने ते साठवता येईना. अखेर अडॅप्टरच्या डायल प्लॅनमध्ये, म्हणजे कोणते क्रमांक कसे लावायचे याच्या नियमांत, आमच्या यादीतील क्रमांक जितक्या आकड्यांचे आहेत ती लांबी नेमकी लिहिली आणि ११ सेकंदांचे पाच झाले. त्याच डायल प्लॅनमध्ये यादीबाहेरचे क्रमांकही अडवून टाकले. त्याचा उपयोग पुढे सांगते.

सर्वांत जास्त दिवस लागले ते संभाषण संपले हे पॅनेलला कळण्यासाठी. घरातल्या माणसाने फोन ठेवला तरी पॅनेल लाइन धरून बसे, आणि मागून आलेल्या माणसाला यंत्र व्यस्त मिळे. अ‍ॅनालॉग लाइनवर समोरच्याने फोन ठेवल्याचे दोन प्रकारे कळू शकते. एक तर एक्स्चेंज लाइनवरचा प्रवाह क्षणभर तोडते, किंवा मग एंगेज टोन, म्हणजे लाइन व्यस्त असल्याचा सूर, ऐकवते आणि तो ओळखण्याचे काम यंत्रावर पडते. एंगेज टोन सर्वत्र सारखा नसतो. अमेरिकेत तो ४८० आणि ६२० हर्ट्झचा मिळून असतो आणि अर्धा सेकंद वाजून अर्धा सेकंद थांबतो. ब्रिटनमध्ये ४०० हर्ट्झचा एकच सूर ०.३७५ सेकंदांच्या अंतराने येतो. आमचे पॅनेल एका पद्धतीच्या टोनची वाट पाहत होते आणि अडॅप्टर दुसऱ्याच पद्धतीचा वाजवत होता. टोन जुळवता आला असता, पण दाराशी गाडीचा भोंगा वाजला तर ओळख चुकण्याची शक्यता राहतेच. म्हणून मी अडॅप्टरमधील प्रवाह तोडण्याचा पर्याय चालू केला, त्याचा कालावधी ८०० मिलिसेकंद ठेवला आणि पॅनेललाही त्याच खुणेवर लाइन सोडायला सांगितले. आता घरातून फोन ठेवला की दुसऱ्याच क्षणी पॅनेल मोकळे होते.

ही गैरसोयीपुरती गोष्ट नव्हती. घरातल्या माणसाने फोन ठेवल्यावरही पॅनेल लाइन धरून राहिले, तर काही ठिकाणी थोड्या वेळाने त्याच लाइनवर पुन्हा डायल टोन, म्हणजे नवा क्रमांक लावता येईल असे सांगणारा सूर, येतो. दाराशी उभा असलेला माणूस त्या वेळी आपल्या मोबाइलमधून सूर वाजवून इमारतीच्या खर्चाने कोठेही फोन लावू शकतो. डायल प्लॅनमध्ये यादीबाहेरचे क्रमांक अडवले ते याच कारणाने.

त्यावरून मनात आले की जो सूर लाइनवर चालतो, तो दारासाठीही चालत असेल. एका संध्याकाळी मी माझ्याच घराचा संकेतांक दाबला, वरचा फोन मुद्दाम उचलू दिला नाही, आणि मोबाइलवर ९ चा सूर वाजवून तो पॅनेलच्या मायक्रोफोनजवळ धरला. तिसऱ्या प्रयत्नाला दार उघडले. दारासमोर उभी असलेली मी काही क्षण तशीच थांबले, कारण यंत्रणा लोकांच्या वापरात येऊन तोवर चार दिवस झाले होते.

याचे कारण असे की साध्या लाइनवर येणारा आणि जाणारा आवाज एकाच जोडतारेवरून वाहतो. दोन्ही वेगळे करणारा परिपथ पॅनेलमध्ये असतो, पण ते वेगळेपण पूर्ण नसते आणि मायक्रोफोनमधला थोडा आवाज सूर ओळखणाऱ्या भागाकडे परततो. त्यात समोरचा फोन उचलला गेला आहे की नुसताच वाजतो आहे, हेही पॅनेलला कळत नाही. फोन उचलला गेल्यावर लाइनची ध्रुवता, म्हणजे धन आणि ऋण टोके, उलटवून तसे कळवणारे अडॅप्टर असतात, मात्र आमचे पॅनेल ती खूण ओळखत नाही. मी मायक्रोफोनची संवेदनशीलता दोन पायऱ्या खाली आणली. मायक्रोफोनच्या बाजूने जोडसूर आल्यास तो ओळखून मायक्रोफोन तात्पुरता बंद करण्याचा पर्याय पॅनेलमध्ये होता, पण तो कारखान्यातून बंद स्थितीत आला होता. तो चालू केला. नंतर वेगवेगळ्या अंतरांवरून, वेगवेगळ्या आवाजांत ४० प्रयत्न केले आणि एकदाही दार उघडले नाही. ९ ऐवजी दुसरा आकडा ठेवावा असे एका शेजाऱ्यांनी सुचवले होते. तो बदलता येतो, पण फोनवर बटणेच बारा आहेत आणि बाराही सूर ओळीने वाजवायला दोन सेकंद पुरतात, म्हणून त्याचा फारसा उपयोग नाही. ज्यांच्या दारावर अशी यंत्रणा आहे त्यांनी ही एक चाचणी अवश्य करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

व्हॉइसमेलचाही येथे संबंध येतो. घरी कोणी फोन उचलला नाही तर व्हॉइसमेल उचलते आणि आलेला माणूस ध्वनिमुद्रित आवाजाशी बोलत राहतो. त्या निवेदनात कोणी ९ चा सूर मुद्रित करून ठेवला, तर येईल त्याच्यासाठी दार उघडेल, कारण पॅनेलच्या दृष्टीने तो घरातूनच आलेला सूर आहे. हे पॅनेलमध्ये अडवता येत नाही, रहिवाशांना समजावूनच सांगावे लागते. संभाषणाची कमाल मर्यादा मी ६० सेकंद ठेवली. दाराशी ओळख पटवायला तेवढी पुरते, आणि व्हॉइसमेलने धरलेली लाइनही मिनिटभरात सुटते.

उलट प्रकारची अडचण तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची होती. त्यांच्या घरी जुना, तारेचा फोन आहे आणि त्यांनी कितीही वेळा ९ दाबला तरी दार उघडत नव्हते. मी वर जाऊन विचारले, “आजी, ९ दाबल्यावर कानात सूर येतो की टकटक?”

“टकटक येते गं. नऊदा येते, मी मोजली आहे,” त्या म्हणाल्या.

त्यांचे मोजणे अचूक होते. फोनच्या तळाशी असलेली कळ पल्सवर होती. त्या पद्धतीत बटण दाबले की सूर न निघता लाइनचा प्रवाह आकड्याइतक्या वेळा तुटतो. ९ साठी नऊ वेळा, साधारण सेकंदाला दहा या गतीने. फोन लावायला ते चालते, पण संभाषण सुरू झाल्यावर त्या तुटण्यातून पलीकडे सूर जात नाही. कळ टोनवर सरकवली आणि दार उघडले. त्यांच्यासाठी आणखी एक बदल करावासा वाटला. रिले पाच सेकंद चालू राहत असे. ९ दाबल्याचा आवाज ऐकून, पिशव्या उचलून, जड दार ओढेपर्यंत त्यांच्या वयाच्या पाहुण्यांना ते पुरत नसत. मी ते आठ केले. त्याहून अधिक ठेवले तर मागून अनोळखी माणूस आत येण्यास वाव मिळतो, आणि या दोन्हींत आठ मला योग्य वाटले.

यादीतील संकेतांक सदनिकेच्या क्रमांकाप्रमाणे ठेवले नाहीत, कारण मग दाराशी नाव वाचणाऱ्याला ती व्यक्ती कोणत्या मजल्यावर, कोणत्या दारामागे राहते हेही कळते. आडनाव दाखवायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवले. सात घरांनी नको म्हटले आणि त्यांचे फक्त संकेतांक आहेत. रहिवाशांना फोनशिवाय आत येण्यासाठी स्वतंत्र आकडे हवे होते. चार आकडी कोडच्या १०,००० शक्यता असतात, पण २४ कोड वापरात असतील तर अंदाजाने दाबलेला कोणताही कोड दर ४१७ प्रयत्नांत सरासरी एकदा लागू पडेल. सहा आकडी कोड ठेवल्यावर हेच प्रमाण सुमारे ४१,७०० ला एक होते. म्हणून सहा आकडे ठेवले आणि तीन वेळा चुकल्यास कीपॅड एक मिनिट बंद राहील अशी मांडणी केली.

वीज गेल्यावर पॅनेल चालू राहावे म्हणून १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी जोडलेली होती. पण पहिल्यांदा वीज गेली तेव्हा पॅनेल उजळलेले असूनही फोन लागेना, कारण अडॅप्टर आणि राउटर बंद पडले होते. आता तिन्ही त्याच बॅटरीवर आहेत. तिघांचा मिळून मोजलेला प्रवाह १.२ अँपिअर आहे, त्यामुळे हिशेबाने सहा तासांच्या आत ती संपेल आणि जुनी झाल्यावर आणखी लवकर. तिच्यावर बसवल्याची तारीख लिहून ठेवली आहे.

पॅनेलमधील प्रत्येक पायरी आणि तीत भरलेला आकडा मी एका वहीत उतरवून ठेवला आहे, समोर कारणही लिहिले आहे. मास्टर कोड त्या वहीत नाही. तो बंद पाकिटात दोन जणांकडे आहे. घर बदलून कोणी गेले की त्याच दिवशी त्याचा फोन क्रमांक आणि सहा आकडी कोड काढायचा, असे ठरले आहे, कारण जुना क्रमांक यादीत राहिला तर दाराची संमती इमारतीत न राहणाऱ्या माणसाकडे जाते. गेल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरील एक कुटुंब गेले. सामानाची शेवटची खोकी बाहेर पडल्यावर मी वही घेऊन दाराशी गेले, त्यांची नोंद पुसली, त्यांचा संकेतांक दाबून पाहिला आणि पॅनेलने नोंद नसल्याचा सूर दिल्यावर वहीत तारीख घातली.